घाणा की वायंडिंग?

प्रिय बंड्या,
स.न.वि.वि.

तुझा मेसेज पोचला. नोकरी सोडून मेहुण्याबरोबर लाकडी घाणा टाकायचं जवळजवळ ठरलंय म्हणतोस. फोनवर आपण दोघांनी थट्टेवारी नेलं असतं, म्हणून लिहितोय.

घाण्याचा धंदा वाईट नाही. सांगलीत गिऱ्हाईकही आहे. पण तुझा दिवस कसा जाईल ते बघ. किलोभर शेंगतेलाला सव्वादोन-अडीच किलो शेंगदाणे लागतात. म्हणजे पाटी तेलाची असली तरी खरा खेळ शेंगदाण्याच्या खरेदीचा. ओल किती, खवट किती ते चाखून भाव पाडायचा. पेंड गवळ्यांना खपवायची, नाहीतर हिशेब बसत नाही. मग गल्ल्यावर बसून ‘रिफाइंड स्वस्त मिळतं, तुमचंच एवढं महाग का?’ याला दिवसभर उत्तर द्यायचं. तुझ्या मेहुण्याला हे सगळं मनापासून आवडेल. तो भाजी आणायला गेला तरी दोन रुपयांसाठी पाऊण तास घालतो आणि खुशीत परत येतो. तुला दुसऱ्यांदा भाव विचारायचीही लाज वाटते!

त्याला सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेच्या ३५ टक्के अनुदानाची भुरळ पडलीय, हे मला कळतं. पण अनुदान एकदाच मिळतं, शेंगदाणे रोज घ्यावे लागतात.

आता माझ्या मळ्यातली मोटर आठव. पाच एचपीची, ऐन उन्हाळ्यात जळाली. तू सहज म्हणून आला होतास. मोटर उघडलीस, जळक्या वार्निशचा वास पडवीभर झाला आणि तू एकदम खुलून म्हणालास, “दोन फेजच्या कॉइली काळ्या, तिसरी जशीच्या तशी. एक फेज गेला होता. कॉइली स्टार जोडणीत असल्या तर दोन जळतात, डेल्टा जोडणीत एकच.” मग जुनी तार मायक्रोमीटरनं मोजणं, वेढे मोजून वहीच्या पाठीमागे लिहिणं, स्लॉटमध्ये कागद बसवणं. वहिनींचे तीन फोन येऊन गेले, तुला पत्ता नाही. भाकरी गार झाली. कारखान्यात मेंटेनन्सला एवढी वर्षं काढूनही हे काम बघून तुझे डोळे चमकतात. वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं दुकान टाक, एवढंच माझं म्हणणं.

त्यातही कटकट आहे. मार्च ते मे मान वर करायला फुरसत नसते, मोटर जळालेला शेतकरी ‘रात्रीच्या लाइटीला पाणी पाजायचंय’ म्हणून दारात उभा राहतो. पावसाळ्यात काम रोडावतं; तेव्हा पंखे, मिक्सर घ्यावे लागतील. (२०१९ च्या ऑगस्टसारखा कृष्णेचा पूर आला तर गोष्ट वेगळी, पण तसा धंदा देवानं कुणाला देऊ नये.) तांब्याची तार रोख आणावी लागते आणि शेतकरी म्हणतो, ‘ऊसबिल आलं की देतो.’ कायद्यात ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचं लिहिलंय, पण माझ्या रोपवाटिकेच्या उधारीच्या वहीला तो कायदा माहीत नाही. रोपांत हात घालायला मिळतात म्हणून मी हा धंदा धरला. वसुलीचे फोन मला आजही नकोसे होतात, ते आमची ही करते. तूही तारेचे पैसे आधी घ्यायचे, असा नियम पहिल्या दिवसापासून भिंतीवर लाव आणि वही वहिनींकडे दे. मेहुण्याला भागीदार करू नकोस. तार घाऊक आणायला मात्र त्याच्यासारखा माणूस मिळायचा नाही.

कर्जच लागलं तर पीएमईजीपी या सरकारी रोजगार योजनेत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, पण तुला एवढं लागणारही नाही. वायंडिंग मशीन, इन्सुलेशन तपासायचा मेगर, वार्निश वाळवायला ओव्हन, एवढ्यावर सुरुवात होईल. नोकरी लगेच सोडू नकोस. एक उन्हाळा संध्याकाळी काम घे, माझ्या भावकीतल्याच मोटरी तुला पुरतील.

गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी तिथं थ्री-फेज आहे का ते बघ. नसेल तर महावितरणकडे अर्ज करून वाट बघावी लागेल, आणि त्याशिवाय बांधलेली मोटर चालवून दाखवणार कशी? वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
अण्णा