टेबल खिडकीशी ओढणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून तुमचं नाव नाही आणि कॉलेजचंही नाही. पण लिहिल्यावाचून राहवत नाही. परतीच्या एसटीत बसले तेव्हापासून हे पत्र डोक्यात चालू आहे.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी येवल्यात पैठणीची नक्षी काढते. काळ्या साडीला जांभळा काठ घातला की गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, काळा विटका आलाय. बोल बसायचा रंगाऱ्याला. तीच रेशमाची लडी नुसती हातात धरली तर काळीकुट्ट, आणि विणून झाली की मेलेली. आमचे रंगारी काका पुन्हा पुन्हा रंगवून कंटाळले होते. कुणीतरी म्हणालं, अशाच तक्रारीवर एका फ्रेंच माणसानं अख्खं पुस्तक लिहिलंय.

ते शोधत मी आधी एका बड्या ग्रंथालयात गेले होते. तिथल्या साहेबांनी मोबाइलवरची मान न उचलता विचारलं, "पीएच.डी. चालू आहे का?" नाही म्हटल्यावर, "मग दृष्टिविज्ञान तुम्हाला कशाला? हस्तकलेचं कपाट खालच्या मजल्यावर आहे." पुस्तक समोर काचेआड दिसत होतं. कपाटाला कुलूप, आणि किल्लीवाले रजेवर. किल्लीवाले कायम रजेवरच असतात, हा आपल्याकडचा जुना रिवाज.

तुम्ही माझं शिक्षण विचारलं नाहीत. तुमचा पहिलाच प्रश्न होता, "काळा कशाच्या शेजारी विटका दिसतो?" जांभळ्याच्या, म्हणताच तुम्ही खुर्चीतून उठलात.

तो फ्रेंच माणूस म्हणजे शेव्ह्रल, मुळात चरबीवर संशोधन करणारा रसायनशास्त्रज्ञ. १८२४ साली तो पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. तिथे भिंतीवर लावायची चित्रं मागावर विणत. त्याच्याकडे तक्रार आली ती आमचीच म्हणा ना: निळ्या-जांभळ्या कपड्यांच्या घड्यांत सावलीसाठी विणलेला काळा फिका पडतो. त्यानं दुसरीकडची नावाजलेली काळी लोकर आणून आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. रंग पक्का होता. सगळा घोटाळा शेजाऱ्याचा. एका रंगाशेजारी दुसरा ठेवला की पहिल्याच्या विरुद्ध रंगाची झाक आपला डोळा दुसऱ्यावर चढवतो. जांभळ्याशेजारी काळा पिवळट होतो, त्याचा कस जातो. हे सगळं त्यानं १८३९ मध्ये पुस्तकात मांडलं. ते पान वाचताना मी "अगं बाई!" असं मोठ्यानं म्हणाले आणि वाचनालयातल्या माना वळल्या. तुम्ही "शांतता राखा"च्या पाटीकडे बोट दाखवलं नाहीत, हसलात.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

शेव्ह्रलनंतर तुम्ही आल्बर्स या चित्रकाराचं रंगांवरचं पुस्तक काढलंत, १९६३ मध्ये पहिल्यांदा निघालेलं. एकच रंग दोन वेगळ्या रंगांवर ठेवला तर दोन निराळे रंग दिसतात, हे त्यात वाचून नव्हे, बघून कळतं. मी पान उघडलं, आणि तुम्ही म्हणालात, "थांबा, इथे नको." वरची ट्यूबलाइट बंद केलीत. मग टेबलाचं एक टोक स्वतः धरलंत, दुसरं मला धरायला लावलंत, आणि ते अवजड लाकडी टेबल उत्तरेच्या खिडकीशी ओढत नेलंत. पायांचा करकराट अख्ख्या मजल्यानं ऐकला असेल. शिपायाला हाक मारता आली असती. तुम्ही पदर खोचलात. खिडकीची धूळ रुमालानं पुसलीत, पुस्तकावर ऊन थेट पडत नाही ना ते पाहिलंत, मगच म्हणालात, "आता बघा."

लग्नाची साडी घेताना आपल्या बायका दुकानाच्या दारात येऊन, दिवसाच्या उजेडात पदर उलगडून बघतात. दुकानदार वैतागतो, पण त्या बरोबर असतात. पुस्तकालाही तो मान द्यायचा असतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. आणि पुस्तकापेक्षा मला दिलात, तेच खरं तर मनातून जात नाही.

बाकी तुम्ही न मागता आणलेलं कितीतरी होतं. 'पर्सेप्शन' नियतकालिकातला १९७९ चा तो लेख, ब्रिस्टलमधल्या एका कॅफेच्या भिंतीवरचा: काळ्या-पांढऱ्या फरशांच्या ओळी थोड्या सरकवून बसवल्या की मधल्या सरळ रेघा तिरक्या भासतात. आमच्या चौकडीच्या काठाबद्दल मी विणकरांशी कितीदा भांडले असेन! आणि निळ्याचा विषय निघालाच म्हणून 'नेचर'मधलं रामन यांचं १९२१ चं टिपण. समुद्राचा निळा म्हणजे नुसतं आभाळाचं प्रतिबिंब नाही, पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशाचा तो रंग आहे, हे त्यांनी युरोपातून बोटीनं परतताना छोट्याशा प्रिझममधून पाहून ठरवलं. टिपणाखाली पत्ता बॉम्बे हार्बरचा, एस. एस. नारकुंडा बोटीवरून. तो पत्ता तुम्ही बोट ठेवून दाखवलात, तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आपल्याकडे विद्वत्तेची उणीव नाही, मॅडम. समोर आलेल्या माणसाला "तुला हे कशाला हवंय?" याऐवजी "तुला काय दिसत नाहीये?" असं विचारणाऱ्यांची फार आहे. त्या बड्या ग्रंथालयाच्या भिंतीवर 'ज्ञान सर्वांसाठी' असं सोनेरी अक्षरांत लिहिलंय. तुमच्याकडे भिंतीला पोपडे आले आहेत.

आता साडीची खबर. रंगारी काकांनी काळ्याच्या भांड्यात किंचित जांभळा घातला, पिवळट झाक मारण्यापुरता. मागावरून उतरलेल्या साडीत काळा काळाच दिसतोय. काका मात्र साडीकडे फारसे बघेनात. "म्हणजे माझा रंग आधीही बरोबर होता," एवढं दोनदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात, शेजारच्या दुकानदाराला ऐकू जाईल असं.

त्यांना ती रंगीत पानं स्वतः बघायची आहेत. इंग्रजी त्यांना येत नाही, ते मी वाचून सांगेन. पावसाळा सरला की दोघं येतो. पावसाळी उजेडात रंग बघायला ते तयार नाहीत. टेबलाचं दुसरं टोक या खेपेला ते धरतील.

आपली,
येवल्याची नक्षीवाली