वळवाआधी लोकर आत घ्या

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, तांबट पक्ष्याचे रंग शालीत आणायचे तर लोकर घरी रंगवता येईल का, असं तू परवा विचारलंस. येईल. फोनवर सांगितलेली मापं तू कॅलेंडरच्या मागे लिहितेस आणि महिना उलटला की ते पान फाटतं, म्हणून सगळं पत्रातच लिहिते. बाबा, वजनकाटा आणि आभाळ दोन्ही तुमच्याकडे.

आधी लोकर तपासा. दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते आणि या रंगांना ती दाद देत नाही. बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवा. जळक्या केसांचा वास आला आणि राख चुरगळली तर खरी लोकर, वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. पांढरी किंवा सायीच्या रंगाची ३०० ग्रॅम घ्या, १०० ग्रॅमला साधारण २०० मीटर भरेल अशी. एकदम घ्या. निम्म्यावर आणखी आणलेली लोकर वेगळ्या लॉटची निघते आणि रंगही वेगळा धरते.

गोळा तसाच पातेल्यात टाकला तर आतला धागा कोराच राहतो. दोन खुर्च्यांच्या पाठींवर गुंडाळून ५०-५० ग्रॅमच्या सहा लड्या करा आणि प्रत्येक लडी चार ठिकाणी सुती दोऱ्याने बांधा. गाठ इतकी सैल हवी की आत करंगळी फिरेल. घट्ट बांधलेल्या जागी पांढरा पट्टा राहतो आणि तो नंतर कशानेही भरत नाही.

आता आभाळ. जोतिबाची चैत्र यात्रा झाली की कोल्हापुरात वळवाचा नेम नसतो, पण त्याची वेळ बरीचशी ठरलेली असते. सकाळ लख्ख, दुपारी अंगाची काहिली, तीन-चारनंतर ढग चढायला लागतात, धुळीचं वारं सुटतं, मग टपोरे थेंब आणि कधी गारा. अरबी समुद्राकडून आलेली दमट हवा तापलेल्या जमिनीवर वर उचलली जाते आणि तिला उंची गाठायला दुपार उलटावी लागते, म्हणून हा खेळ संध्याकाळचा. तेव्हा गॅसपुढचं काम वळवाच्या वेळेला करायचं आणि धुणं-वाळवणं सकाळी. संध्याकाळी पातेलं गरम करा, रात्रभर तसंच निवू द्या, सकाळी सातला लड्या धुऊन आठच्या आत सावलीत टांगा. दुपारपर्यंत वाळतात. बाबा, तीन वाजता त्या आत घेणं तुमचं काम. अर्धवट वाळलेल्या लडीवर पावसाचे थेंब पडले तर सुटा रंग ओलाव्याबरोबर सरकतो आणि कडेला डाग धरतो. तसं झालंच तर पूर्ण लडी पुन्हा भिजवून नव्याने वाळवा, नुसती ओली जागा पुसत बसू नका. ढग गडगडायला लागल्यावर मात्र लड्यांसाठीसुद्धा गच्चीवर जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलवर घ्या, जवळपास वीज पडत असेल तर ते कळवतं.

तांबट नीट बघितलात तर पाठ हिरवी, डोळ्याभोवती आणि गळ्याशी पिवळा, कपाळावर आणि छातीवर लाल. शालीचा हिशेबही त्याच प्रमाणात: हिरवी १५० ग्रॅम, पिवळी १००, लाल ५०.

पहिल्या संध्याकाळी तुरटी, तिच्यामुळे रंग लोकरीला धरून राहतो. लोकर आधी तासभर रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवा, त्यातला तेलकटपणा निघाला नाही तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. ३०० ग्रॅम लोकरीला ३६ ग्रॅम तुरटी, म्हणजे शेकडा बारा. जास्त घातली की लोकर हाताला चिकट लागते. केकचं सामान मिळतं तिथे क्रीम ऑफ टार्टर असेल तर तेही १५ ग्रॅम घाला, रंग उजळ येतो. मिळालं नाही तर अडत नाही. स्टीलच्या मोठ्या पातेल्यात नऊ लिटर पाणी घ्या. लोखंडाचं किंवा तांब्याचं भांडं नको, त्याने पिवळा मळकट होतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तरी तेच, त्यामुळे नळाचंच पाणी घ्या. तुरटी वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून ओता, ओल्या लड्या सोडा आणि पाऊण तासात हळूहळू तापवा. तळाशी बारीक बुडबुडे आणि वर वाफ दिसली की आच तेवढीच ठेवून आणखी पाऊण तास. खळखळ उकळी येऊ द्यायची नाही आणि सारखं ढवळायचंही नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. एकदम गरम-थंड आणि त्यात घुसळणं झालं की ते एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला जाड थर, होतो. गरम लडी थंड पाण्याखाली धरणं हीच सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. म्हणून रात्रभर निवू द्या म्हटलं.

दुसऱ्या संध्याकाळी झेंडू. पाडव्याच्या गुढीचे आणि तोरणाचे सुकलेले हार टाकले नसतील तर तेच वापरा. सुकलेली फुलं पाव किलो लागतील, ताजी घेतली तर दीड किलो. पाकळ्या तासभर मंद उकळून गाळून घ्या. या पाण्यात पाच लड्या सोडायच्या, सहावी लालसाठी बाजूला. तापवायची रीत तुरटीसारखीच. सकाळी दोन लड्या पिवळ्या म्हणून काढून धुवा. उरलेल्या तिघींवर हिरवा चढवायचा आहे.

त्यासाठी ५० ग्रॅम डाळिंबाच्या सालींचा काढा त्याच पाण्यात घालून त्या तीन लड्या अर्धा तास गरम करा, मग हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. १५० ग्रॅम लोकरीला फक्त ३ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा ३ ग्रॅम भरवशाने दाखवत नाही, म्हणून १० ग्रॅम हिराकस एक लिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं ३०० मिली मोजून घ्या. लड्या बाहेर काढून हे पाणी ओता, ढवळा, मग लड्या परत आत. एकदम सगळं ओतू नका, तीन हप्त्यांत ओता. पाच मिनिटांत पिवळा शेवाळी हिरवा व्हायला लागतो. ओल्या लोकरीचा रंग गडद दिसतो, त्यामुळे हवा तो हिरवा दिसायच्या थोडं पुढे गेल्यावर थांबा. हिराकस वाढवला की हिरवा काळवंडतो आणि लोकर ठिसूळ होऊन विणताना तुटते. पोपटी हिरवा यातून येणार नाही, त्याला खरी नीळ लागते आणि नीळ लावणं हे वेगळंच प्रकरण आहे. कपड्यांना घालायची बाटलीतली नीळ चालत नाही.

लालसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून ५० ग्रॅम मंजिष्ठा आणा, कुटून रात्रभर भिजत घाला आणि सहावी लडी तिच्यासकट मंद आचेवर तासभर ठेवा. विटकरी लाल येईल. मला तो किरमिजीपेक्षा आवडतो. तुला तांबटाच्या कपाळाचाच हवा असेल तर लाखेचा रंग लागेल. पळसाच्या फुलांचं तू म्हणालीस, रंग सुरेख येतो, पण उन्हात लवकर विटतो. शालीला नको. शिवाय पळस फुललेला असताना शिंजीर, मैना, कोतवाल सगळे त्याच्या मधावर असतात, तेव्हा कधी घेतलीच तर खाली पडलेली फुलं घ्या.

बाबा, लड्या टांगायच्या आधी दोरी आणि व्हरांड्यातल्या वायरी एकदा बघा. शिंजीर अशाच लोंबत्या जागी कोळिष्टकं आणि काडीकचरा चिकटवून पिशवीसारखं घरटं करतो, आणि ते जाळं समजून झाडूने काढलं जातं. लिंबाच्या किंवा जास्वंदीच्या झाडात एखादं मोठं पान कडेने जुळलेलं दिसलं तर ते शिंपी पक्ष्याचं घरटं. पानाच्या कडेला चोचीने भोक पाडून त्यातून कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा तंतू ओढतो आणि बाहेरच्या बाजूला तो पिंजून ठेवतो, म्हणून टाका परत सरकत नाही. भिंगातून बघा, प्रत्येक भोकाशी पांढरं बोंड दिसेल. अंडी उबायला सुमारे बारा दिवस आणि पिल्लं उडायला आणखी दोन आठवडे, तेवढे दिवस ती फांदी छाटू नका.

आणि आई, लोकरीची उरलेली टोकं पाखरांच्या घरट्याला म्हणून झाडावर अडकवू नकोस. दिसायला छान वाटतं, पण लांब धागा पिल्लाच्या पायाला वेढा घालतो, पिल्लू वाढतं तसा तो आवळतो आणि पाय जातो. लोकर भिजली की लवकर सुकत नाही, घरटं गार पडतं, आणि आपल्या टोकांवर तर तुरटी आणि हिराकस आहे. काटेसावरीची बोंडं याच दिवसांत फुटतात, शिंप्याला तो कापूस पुरतो. भिंतीवरची चार कोळिष्टकं राहू दे, तेवढी मदत पुष्कळ. पाण्याची परळ मात्र ठेवा: दोन इंचांपेक्षा उथळ, मधे एक दगड, सावलीत, आणि पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास होतात. कावळ्याचं घरटं जवळ असेल तर बाबा, त्या बाजूने जाताना डोक्यावर छत्री धरा. याच दिवसांत कोकिळेची मादी, ती ठिपक्यांची, त्यात अंडं घालायला टपलेली असते, म्हणून कावळे आधीच चिडलेले असतात. सकाळी गातो तो काळा नर.

आता विणकाम. सुया ७ नंबरच्या घे, म्हणजे साडेचार मिलिमीटर. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक, हे दुकानदाराला सांगताना लक्षात ठेव. स्टीलच्या नको, बांबूच्या घे, आणि जमल्यास गोल वायरवाल्या. मग शालीचं वजन मांडीवर राहतं, तुझ्या मनगटावर येत नाही. आधी २४ टाक्यांचा नमुना विणून धू, वाळव आणि मगच माप घे. न धुतलेला नमुना खोटं बोलतो. सुलट विणीत १० सेंटिमीटरला १८ च्या आसपास टाके बसले की झालं. वीस बसले तर ६ नंबरच्या सुया घे.

हिरव्याने सुरू कर. तीन टाके घाल. प्रत्येक ओळीत पहिला टाका सुलट, मग लोकर सुईवर घेऊन एक टाका वाढव, पुढचे सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि खालचं टोक धरून त्रिकोण होतो. हिरव्याच्या तीन लड्या जवळ ठेवल्या तरी रंगात थोड्या वेगळ्या दिसतील. एक संपवून दुसरी लावलीस तर आडवी रेघ दिसते, म्हणून दोन गोळे आलटून-पालटून घे, दोन ओळी याच्या, दोन ओळी त्याच्या. कडेला धागा सैल सोड, ओढलास तर ती बाजू आखडते. पहिला गोळा निम्मा झाला की तिसऱ्यालाही या फेऱ्यात घे.

हिरवी संपेल तेव्हा सुईवर १८५-१९० टाके असतील. शाल अर्ध्याहून मोठी दिसेल, पण वजनाने तेव्हा बरोबर निम्मी झालेली असते, कारण पुढची प्रत्येक ओळ लांब होत जाते. पिवळी साधारण २४० टाक्यांपर्यंत जाते, लालच्या वीसेक ओळी होतात. शेवटी एका ओळीला दोन ग्रॅमच्या आसपास लोकर लागते, टाके बंद करायला त्याहून थोडी जास्त, तेव्हा लालचा गोळा अधूनमधून काट्यावर ठेव आणि पाच ग्रॅम उरले की बंद करायला लाग. बंद करताना एक नंबर जाड सुई घे, नाहीतर वरची कड ताठ राहून शाल खांद्यावरून सरकते. रुंदी दीड मीटरच्या घरात जाईल.

दुपारी विणू नकोस. घामाच्या बोटांना लोकर चिकटते आणि टाके घट्ट येतात. सकाळचे दोन तास पुष्कळ झाले. हिरवा संध्याकाळी दिव्याखाली दिसत नाही, तेव्हा फार तर पिवळा.

झाल्यावर गार पाण्यात रिठा घालून धू. पहिल्या पाण्यात थोडा रंग उतरेल, घाबरू नकोस. सोड्याची पावडर अजिबात नाही, तिने लोकर खरखरीत होते आणि झेंडूचा पिवळा केशरी होतो. पिळू नकोस, टॉवेलात गुंडाळून दाब आणि चटईवर पसरून सावलीत वाळव. पावसाळ्यात ट्रंकेत ठेवताना पूर्ण वाळलेली आहे ना ते बघ. लोकर बरंच पाणी पोटात ठेवूनही हाताला कोरडी लागते, म्हणून वळवाच्या दिवशी वाळली असं वाटलं तरी आणखी एक सकाळ दे. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेव आणि दर महिन्याला शाल झटक.

रंगांचे नमुने दोन-दोन बोटांचे कापून पाकिटातून पाठवा, हिरवा जास्त काळवंडला असेल तर बघून सांगते.

तुमची लेक

ता. क. हिराकसाच्या पाण्याच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि ती चहा-साखरेच्या फळीवर ठेवू नका. रंगाचं पातेलं आणि गाळणी परत स्वयंपाकाला घ्यायची नाही, जुनी बघून वेगळी काढा.