कार्डाच्या कृतीत कागदाचे वजन आणि शाईचा प्रकारही छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हाताने शुभेच्छापत्र करण्याची कृती पुरवण्यांमधून अधूनमधून येत असते. ‘जाड कागद घ्या, मधोमध दुमडा, ठसा उमटवा, रंगवा, सजवा’ एवढ्यात ती आटोपते. शेजारच्या छायाचित्रातले कार्ड देखणे असते. वाचकाचे मात्र घडीवर भेगाळते, ठसा फिसकटतो आणि वाळल्यावर सगळा कागद पन्हळीसारखा वाकतो. मग ‘आपल्या हातात कलाच नाही’ असे म्हणून ते काम कायमचे बाजूला पडते. यात हाताचा दोष क्वचितच असतो. कोणता कागद, कोणती शाई, कोणता गोंद हे कृतीत लिहिलेलेच नसते, आणि या तिघांचे एकमेकांशी जमले नाही तर कुशल हातही काही करू शकत नाही.

‘जाड’ हे काही माप नव्हे. एका चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम, यावरून कागद ओळखतात आणि पाकिटावर ते जीएसएम म्हणून छापलेले असते. कार्डाचा पाया २५० ते ३०० जीएसएमचा हवा. त्यावर चिकटवायच्या थरांना १६० ते २०० पुरे. छपाईचा नेहमीचा कागद ७० ते ८० चा असतो, त्याचे कार्ड उभेच राहत नाही.

वजनाइतकीच महत्त्वाची असते तंतूंची दिशा, आणि कृतींमध्ये तिचा उल्लेख जवळजवळ कधीच नसतो. यंत्रावर तयार झालेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेला पडलेले असतात. घडी त्या दिशेला समांतर असली तर सरळ, स्वच्छ येते. आडवी असली तर तंतू मोडतात आणि कडेला तुटके तंतू बाहेर येतात. दिशा ओळखण्यासाठी कागद न दुमडता एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी अडतो, त्या वळणाच्या रेषेला तंतू समांतर असतात. शंका राहिली तर एक तुकडा एका बाजूने ओला करावा. त्याची सुरळी होते, आणि सुरळीची लांबी हीच तंतूंची दिशा.

आता याचा कार्डाच्या मापाशी संबंध पाहा. ए-फोर कागद २१० बाय २९७ मि.मी.चा. तंतू त्याच्या लांबीच्या दिशेने असतील, तर तो आधी लांबीत मध्यावर कापून १४८ बाय २१० चे दोन तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा १०५ वर दुमडावा. अशी घडी तंतूंना समांतर पडते आणि एका कागदात दोन कार्डे होतात. तोच कागद उभा चिरून १०५ बाय २९७ ची पट्टी केली आणि ती मध्यावर दुमडली, तर कार्डाचे माप तेवढेच येते, पण घडी तंतूंना आडवी जाते. एकाच गठ्ठ्यातल्या कागदाची काही कार्डे छान दुमडतात आणि काही फाटतात, त्याचे कारण बहुधा हे असते.

दुमडण्याआधी रेषेवर खाच दाबावी. बोन फोल्डर, म्हणजे घडी दाबायची बोथट पट्टी, नसेल तर शाई संपलेले बॉलपेन स्टीलच्या पट्टीला लावून ओढावे, खाली वर्तमानपत्राची दोन-तीन पाने ठेवावीत. कटरने अर्धवट चिरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मात्र पाळू नये. चिरलेली घडी थोड्याच उघडझाकीत तुटते. खाच दाबली की मागच्या बाजूला बारीकसा उंचवटा उठतो. तो उंचवटा घडीच्या आत आणि खाच बाहेर राहील असे दुमडावे. सवयीने बरेच जण उलट करतात. त्यात बाहेरचा थर जास्त ताणला जातो, आणि आतून पांढरा असलेल्या रंगीत कागदावर ती पांढरी रेघ उठून दिसते.

ठशांबद्दल एक गैरसमज आहे: ठसा वापरला की कार्ड ‘खरे’ हस्तनिर्मित उरत नाही. १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी लंडनमध्ये चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्सली यांच्याकडून जे नाताळचे कार्ड काढून घेतले, ते विक्रीसाठी छापलेले पहिले नाताळ कार्ड मानले जाते. त्याच्याही रेषा शिळाछापाच्या होत्या आणि रंग हाताने भरलेले. बाह्यरेषा छापाची, रंग हाताचे, ही कामाची वाटणी जुनीच आहे.

पारदर्शक पॉलिमरचा नवा ठसा पहिल्यांदा वापरताना शाई त्यावर थेंबाथेंबाने गोळा होते आणि ठसा ठिपक्याठिपक्यांचा उमटतो. कारखान्यातून आलेला तेलकट थर त्यावर असतो. मऊ पांढऱ्या खोडरबराने पृष्ठभाग हलका घासून पुसला की शाई सारखी धरते. शाई लावताना ठसा गादीवर दाबू नये, हलक्या हाताने थापटावा. ठसा मोठा असेल तर तो उताणा ठेवून गादीच त्यावर टेकवावी. दाबल्याने शाई रेषांच्या मधल्या खाचांत उतरते आणि नक्षी बुजते. कागदावर ठसा ठेवल्यावर डोलवू नये, नाहीतर कडा दुहेरी येतात. पॉलिमरचा ठसा उमटवताना कागदाखाली माउस पॅडसारखा पातळ मऊ थर ठेवला, तर हातातला कमीजास्त दाब सांभाळला जातो.

सर्वांत जास्त कार्डे वाया जातात ती मात्र शाईपायी. डाय शाई पातळ असते, कागदात मुरते, लवकर वाळते आणि उजेडात हळूहळू विटते. पिगमेंट शाई दाट. ती कागदावरच बसते आणि सावकाश वाळते. गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदावर ती दुसऱ्या दिवशीही बोटाला लागू शकते. सॉल्व्हंट शाई पाण्याऐवजी स्पिरिटसारख्या द्रावकात केलेली असते, ती प्लास्टिकवरही टिकते. आता रंग कशाने भरणार ते आधी ठरवा. जलरंग वापरायचे असतील तर बाह्यरेषा पाण्याने न विरघळणाऱ्या शाईची हवी. साधी डाय शाई ब्रशबरोबर पसरून सगळा रंग मळकट करते. अल्कोहोल मार्कर, म्हणजे अल्कोहोलमध्ये कालवलेल्या रंगाचे पेन, वापरायचे असतील तर हिशेब नेमका उलटा होतो. सॉल्व्हंट शाई मार्करने विरघळते, पाण्यावर आधारित वाळलेली डाय शाई टिकते. म्हणून ‘पक्की शाई घ्या’ हा सल्ला अर्धवट आहे. पाण्याला पक्की की अल्कोहोलला, हे सांगायला हवे. वेष्टनावरच्या मजकुरावर विसंबू नये. त्याच कागदाच्या तुकड्यावर ठसा उमटवून दहा मिनिटांनी अर्ध्या भागावर ओला ब्रश आणि अर्ध्यावर मार्कर फिरवावा, उत्तर मिळते. मार्करचा रंग जाड कागदातूनही मागे उतरतो, त्यामुळे चित्र वेगळ्या तुकड्यावर रंगवून मग पायावर चिकटवणे बरे.

उठावाची चमकदार अक्षरे एम्बॉसिंग पावडरने करतात. ठसा सावकाश वाळणाऱ्या शाईने उमटवायचा, वर पावडर ओतायची, जास्तीची झटकायची आणि उरलेली हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, वितळवायची. केस वाळवायच्या यंत्राने हे साधत नाही. त्यात वारा जास्त आणि उष्णता कमी, पावडर वितळण्याआधीच उडते. हीट गन कागदावर रोखण्यापूर्वी काही सेकंद हवेत तापवावी आणि मग पाच-सात सेंटिमीटरवरून फिरवावी. रवाळ पृष्ठभाग काचेसारखा झाला की लगेच पुढे सरकावे. जास्त तापले तर वितळलेली पावडर कागदात मुरते, उठाव बसतो आणि भोवती तेलकट डाग दिसतो. कमी तापले तर नखाने निघते. अक्षरांभोवती पावडरचे कण विखुरलेले राहतात, कारण कागदावर ओल, बोटांचा तेलकटपणा किंवा स्थिर वीज असते. ठसा मारण्याआधी टाल्कम पावडरची छोटी पुरचुंडी कागदावरून फिरवली की हा त्रास बराच कमी होतो.

देवनागरी मजकुराची अडचण वेगळी. सुट्या अक्षरांच्या ठशांनी मात्रा आणि जोडाक्षरे नीट बसत नाहीत, शिरोरेषा तुटक येते. यावर पूर्ण शब्दच मोठ्या खोडरबरावर कोरणे हा उत्तम मार्ग. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने शब्द सरळ लिहावा, कागद पालथा घालून घासावा. खोडरबरावर तो आपोआप उलटा उतरतो. अक्षराची उंची निदान १५ मि.मी. आणि शिरोरेषेची जाडी दीड-दोन मि.मी. ठेवावी. ‘ब’, ‘प’, ‘व’ यांची पोटे आधी कोरावीत, बाहेरचा भाग नंतर. पाते रेषेपासून बाहेर कललेले हवे, म्हणजे रेषा खाली रुंद राहते. ते आत कलले तर रेषा पोखरली जाते आणि दोनचार ठशांत तिचे तुकडे पडतात. अनुस्वाराचा टिंब त्यामुळेच पहिला तुटतो. कोरलेले खोडरबर कागदात गुंडाळून ठेवावे, कारण पीव्हीसीचे खोडरबर प्लास्टिकच्या डबीला चिकटते.

उघडताच आत चित्र उभे राहणारे कार्ड मुलांना फार आवडते, आणि नेमके तेच कृतीप्रमाणे करून बंद करताना चित्राचे डोके बाहेर डोकावते. हिशेब सोपा आहे. आतला कागद दुमडलेला असतानाच घडीपासून ३० मि.मी.च्या दोन समांतर चिरा द्याव्यात, मध्ये २० मि.मी. अंतर. मधली पट्टी आत ढकलली की पायरी तयार होते. तिच्या उभ्या भागावर, तळाशी जुळवून चित्र चिकटवायचे. चिरेची लांबी आणि चित्राची उंची यांची बेरीज घडीपासून कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा कमी हवी. १०५ मि.मी.च्या कार्डात ५ मि.मी. मोकळे सोडले तर चित्र जास्तीत जास्त ७० मि.मी. उंच चालेल. आतला कागद बाहेरच्या कार्डात चिकटवताना पायरीच्या मागे गोंद लावू नये, नाहीतर ती उठत नाही.

मोठ्या थरांसाठी पांढरा पातळ गोंद टाळावा. त्यातल्या पाण्याने तंतू आडवे फुगतात, वाळताना आकसतात आणि कार्ड वाकते. दुतर्फी चिकटपट्टी चांगली. गोंदच वापरायचा तर दोन्ही थरांचे तंतू एकाच दिशेला ठेवून कार्ड वजनाखाली वाळवावे.

राहिले पाकीट. १०५ बाय १४८ च्या कार्डाला सी-सिक्स, म्हणजे ११४ बाय १६२ मि.मी.चे पाकीट लागते. फोम टेपचे, म्हणजे उठाव देणाऱ्या जाड दुतर्फी पट्टीचे, दोन थर दिलेले कार्ड त्यात कोंबावे लागते आणि कोपरे दबतात. घरी करायचे तर ए-फोरमधून २१० मि.मी.चा चौरस कापावा, तो कोपऱ्यावर उभा धरून कार्ड मधोमध आडवे ठेवावे आणि चारही कोपरे आत दुमडावेत. त्यासाठी १०० जीएसएमच्या आसपासचा कागद पुरतो, आणि जाड कार्डासाठी प्रत्येक घडी कार्डाच्या कडेपासून तीन-चार मि.मी. दूर घ्यावी. पुढच्या कृतीत कार्डाच्या मापाशेजारी पाकिटाचे माप, कागदाचे जीएसएम आणि शाईचा प्रकार या गोष्टी एका ओळीत छापाव्यात, एवढी विनंती. जागा कमी पडत असेल तर सजावटीच्या टिकल्यांची यादी खुशाल गाळावी.

आपली,
हस्तकला शिकवणारी एक वाचक