त्या आईला आक्रस्ताळी म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं ‘हेरिडिटरी’ या इंग्रजी भयपटाचं परीक्षण वाचलं. मोटारीतला अपघात परीक्षकांनी दुसऱ्याच परिच्छेदात फोडून टाकलाय, त्यामुळे मलाही आता काही झाकायची गरज नाही. आभारी आहे.

त्यांच्या मते पहिला तास रटाळ, जेवणाच्या टेबलावर मुलाला अपघाताचा बोल लावणारी आई आक्रस्ताळी आणि शेवट मात्र चित्रपटाचा कळस. अहो, मुलगा पीटर गाडी चालवत असताना त्याची धाकटी बहीण अपघातात जाते. तो तशीच गाडी घरी आणतो, कुणालाही न उठवता जाऊन अंथरुणात पडतो. सकाळी आई गाडीकडे जाते, तिची किंकाळी नुसती ऐकू येते आणि कॅमेरा पोराच्या तोंडावरून हलत नाही. हे रटाळ? पुढे ती बाई तोच अपघात हुबेहूब छोट्या प्रतिकृतीत बनवते. मुलाने पाहिलं तर, असं नवरा विचारतो, तेव्हा म्हणते, हे तटस्थ चित्रण आहे. यावर परीक्षणात एक ओळ नाही.

कोणती आई पोटच्या पोराशी असं बोलेल, असा प्रश्न त्यांना पडलाय. खारेगावातली माझी मावशी बोलली होती. तिचा धाकटा घोडबंदर रोडवर बाइकवरून पडून गेला. चालवत थोरला होता. वर्षश्राद्धापर्यंत मावशी त्याला चकार शब्द बोलली नाही. डबा भरून द्यायची, शर्टाला इस्त्री करायची. मग एका रात्री त्याच्या भातावर आमटी वाढता वाढता म्हणाली, “हळू चालवली असतीस तर आज दोघं बसला असतात जेवायला.” मी समोरच बसलो होतो. काकांनी मीठ मागितलं. थोरल्याने पानातला भात संपवला, ताट मोरीत ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्या घरात तो विषय त्यानंतर कुणी काढलेला नाही.

त्यामुळे आईचं काम करणारी टोनी कोलेट त्या टेबलावर फुटते ते मला तरी अतिरेकी वाटलं नाही. आणि मुलगा उलटून विचारतो, बहिणीला पार्टीला यायचंच नव्हतं, मग ती तिथे आली कशी? तिला पाठवलेलं असतं आईनेच. कोलेटच्या या कामाला ऑस्करचं साधं नामांकनही नाही. भयपटाला कोण विचारतो म्हणा!

चित्रपट फसतो तो परीक्षकांच्या लाडक्या शेवटात. पायमन नावाचा नरकाचा राजा, आजीचा गुप्त पंथ, अल्बमात सापडणारे फोटो. सगळं आजीनेच जुळवून ठेवलेलं निघालं, तर आईने मुलावर धरलेल्या रागाला अर्थ काय उरला? जो प्रश्न त्या घराला पोखरत होता, तो दिग्दर्शक अ‍ॅरी अ‍ॅस्टर आजीच्या नावावर खपवून मोकळे होतात. वर एक बाई कोण कुणाच्या अंगात आलंय ते तोंडी समजावून देते, म्हणजे मागच्या रांगेतल्यांचीही शंका राहायला नको! २०१८ सालचा हा त्यांचा पहिलाच मोठा चित्रपट, म्हणून एकवेळ सोडून देऊ. पण ज्यांना पहिला तास पचला नाही, त्यांनी या भागाला ‘तत्त्वचिंतन’ म्हणावं, हे अतीच झालं.

जाता जाता आणखी एक. त्याच शेवटच्या प्रसंगाचा फोटो छापायला तुम्हाला अर्धं पान मिळालं. ठाण्याच्या पानावरच्या गडकरी रंगायतन आणि घाणेकरच्या प्रयोगांच्या वेळा मात्र जागेअभावी बंद केल्यात. प्रयोग कधी आहे ते कळायला आम्ही म्हाताऱ्यांनी दर वेळी रिक्षा करून नाट्यगृहाबाहेरचा फलक वाचायला जायचं का?

आपला,
एक जुना वर्गणीदार, नौपाडा, ठाणे (प.)