विन्याला, न्यूकॅसलहून

प्रिय विन्या,

फोन केला असता, पण घरात अण्णा आहेत आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. आम्ही बरे. माझं बीपी गोळीने ताब्यात.

शनिवारी अण्णांना फार्न बेटांवर नेलं. सीहाउसेसच्या धक्क्यावरून लाँच सुटते. खडकांवर सील लोळत पडलेले, पफिन चोचीत मासे आडवे धरून बिळात शिरत होते. इनर फार्नवर टोपी घालायला सांगतात, कारण आर्क्टिक सुरय वाटेला लागूनच अंडी घालतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या टाळक्यात टोचा मारतो. अण्णांनी टोपी घातली नाही. रक्त आलं, आणि स्वारी खूश! "गुहागरात जन्मभर पक्षी बघितले, पण आपली दखल घेणारा पहिलाच." परतताना एका बाईंना त्यांनी ऐकवलं, की 1982 साली इथे कडं घातलेलं सुरयाचं पिल्लू ऑक्टोबरात मेलबर्नला सापडलं. सालासकट!

मग लाँगस्टोनचं दीपगृह आलं. 1838 मध्ये ग्रेस डार्लिंगने बापाबरोबर वल्ही मारत जाऊन फुटल्या जहाजावरची माणसं वाचवली, ते हे. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "विन्या धक्क्यावरच राहिला काय रे? दुर्बीण त्याच्याकडे आहे."

दुर्बीण त्यांच्याच गळ्यात होती. (जुनी दाभोळच्या खाडीत तूच पाडलीस. माझं नाव घेऊ नकोस.)

मी हसलो. समुद्रगरुड हाकेला वळतो म्हणून वेळासच्या किनाऱ्यावर आपल्याला घसा बसेपर्यंत ओरडायला लावणारा माणूस हा! माझं तोंड बघून तेही हसले. पण थोडं उशिरा. गंमत होती, की सावरून घेतलं? इथे ते दिव्याची बटणं चाचपडतात, पण घर नवं आहे. परवाचा वार चुकला, तो माझाही चुकतो. प्रत्येक गोष्टीला कारण सापडतं रे, म्हणूनच झोप लागत नाही. डॉक्टरचं नाव काढलं की रागावतात.

ऑगस्टमध्ये ते परत येतायत. त्या घरात एकटे, गॅस, विहिरीचा बुटका कठडा. तू पडवीत जाऊन बस, देवस्थानच्या हिशोबावरून भांडण उकर आणि बघ पूर्वीसारखे भांडतात का. मला मुलगा म्हणून धड दिसत नाही. काय वाटेल ते आडपडदा न ठेवता कळव.

आंब्याचे पैसे सुटले का? वहिनींचा गुडघा? सईला दहावीबद्दल शाब्बास सांग.

पत्राचं त्यांच्यापाशी बोलू नकोस. विचारलंच, तर पक्याने उसने मागितलेत म्हण. लगेच पटेल त्यांना.

तुझा,
पक्या