डॉजर्सचे बॅट्समन भारी, पण शेवटच्या ओव्हरचं काय?

संपादक महोदय,

क्रीडापानावर बेसबॉल क्वचितच दिसतो म्हणून हे पत्र. कॅलिफोर्नियात आल्यापासून आमचं घर डॉजर्सवालं (लॉस एंजेलिसची बेसबॉल टीम) झालंय. हिटिंगबद्दल तक्रार नाहीच, आमच्या ओहतानीने 2025 मध्ये 55 होमरन (आपल्या सिक्ससारखे) मारले, ब्रूअर्स टीमविरुद्ध तर एकाच मॅचमध्ये स्वतः बॉल टाकून 10 जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे आउट, केलं आणि वर 3 होमरन, म्हणजे बुमराहनेच सेंच्युरी पण ठोकावी तसं.

पण बुलपेन! म्हणजे शेवटच्या इनिंग्जना येणारे पिचर (बॉलर). त्याच वर्षीची 6 सप्टेंबरची बाल्टिमोरविरुद्धची मॅच आठवली की अजून पोटात गोळा येतो. आमचा पिचर यामामोतोने नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगमध्ये दोन आउट होईपर्यंत एकही हिट दिली नव्हती, मग एक होमरन गेला, ठीक आहे, होतं कधीकधी, 3-1 ने पुढे होतो ना, फक्त एक आउट हवा होता, तर बुलपेनमधला ट्रायनेन आला, टॅनर स्कॉट आला आणि 4-3 ने हरलो सुद्धा. स्कॉटला 4 वर्षांचे 7.2 कोटी डॉलर दिलेत आणि सीझनभरात 10 सेव्ह, म्हणजे आघाडी राखून मॅच संपवायच्या संधी, घालवल्या त्याने. बायको म्हणते तो मैदानात उतरला की तुम्ही चहा करायला जा.

त्या वर्षी वर्ल्ड सीरिज, म्हणजे जास्तीत जास्त सात मॅचची फायनल, जिंकलो हे खरं, पण तिथेही सातव्या मॅचला शेवटी आदल्याच रात्री 96 पिच (बॉल) टाकलेल्या यामामोतोलाच बोलवावं लागलं. त्याचा खांदा काय भाड्याने आणलाय का?

- एक वाचक, अर्व्हाईन, कॅलिफोर्निया