मामा, अठ्ठावीस दोन असतात

खानापूर रोडवरच्या सायकलवाल्या मामांना,
सप्रेम नमस्कार.

पत्र तुमच्या नावानं आहे, पण लिहितोय सगळ्यांसमोर. तुमचे तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "जा की रे, गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून हाकलता, हे एक कारण. दुसरं म्हणजे रविवारी सकाळी रोड बाईक, म्हणजे पातळ टायरांची सायकल, घेऊन जांबोटीकडं निघणारे आता बेळगावात बरेच झालेत. त्यातलं कुणीतरी उद्या दुकानात जाऊन नुसतं "अठ्ठावीसचं टायर द्या" म्हणणार.

मी तेच म्हटलं होतं. माझी जुनी टायरं ७०० बाय २३ ची, म्हणजे २३ मिलिमीटर रुंद, बोटाएवढी. किणयेच्या पुढं आतल्या रस्त्याला लागलो, तिथं डांबर उखडून नुसती खडी राहिलीय. मागच्या टायरची कड एका दगडानं चिरली आणि ट्यूब बेडकीसारखी फुगून बाहेर आली. टेम्पोतनं घरी आलो. जरा जाड म्हणून अठ्ठावीसचं टायर घ्यायचं ठरवलं, एका दुकानातनं आणलंही. घरी दीड तास झटलो. ते रिमवर बसेचना, सैल बांगडीसारखं इकडून तिकडं सरकायचं. दुकानदार परत घेईना. मग तसंच खांद्यात अडकवून तुमच्याकडं आलो.

तुम्ही चिंधी ओली करून दोन्ही टायरांच्या कडा पुसल्यात आणि चष्मा वर करून आकडे वाचलेत. जुन्यावर २३-६२२, नव्यावर ४०-६३५. "हे कुठनं आणलास रे? अठ्ठावीस म्हटलं की दोन अठ्ठावीस असतात बघ." दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचं अठ्ठावीस इंचातलं, चाकाच्या उंचीचं. माझं अठ्ठावीस मिलिमीटरातलं, टायरच्या रुंदीचं. कडेवरच्या छपाईतला दुसरा आकडा म्हणजे टायरच्या कडेतली तार रिमवर बसते त्या गोलाचा व्यास, एकाचा ६३५, दुसऱ्याचा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, मग ते बसणार कसं? मी इंजिनिअरिंग शिकलोय, उद्यमबागेतल्या कारखान्यात रोज मायक्रोमीटर हाताळतो, आणि टायरच्या कडेवर छापलेलं वाचायचं मला सुचलं नव्हतं.

आता बदलायचंच तर थेट ३२ मिलिमीटरचं घ्यावं, असं माझ्या डोक्यात घोळायला लागलं. तुम्ही वाद घातला नाही. डब्यातनं एलन-की, म्हणजे षटकोनी बोल्टाच्या चाव्या, काढल्या आणि जुनं टायर लावलेल्या पुढच्या चाकावर, टायर आणि ब्रेकच्या मधल्या फटीत एकेक घालून बघितल्या. आठ मिलिमीटरची अलगद गेली, दहाची अडली. अठ्ठावीसचं टायर तेवीसपेक्षा साधारण पाच मिलिमीटर उंच, म्हणजे वर तीनेक उरणार. बत्तीसचं घासणार. "तीन म्हणजे उन्हाळ्यात चालतंय. पावसात कणकुंबीकडं गेलास तर लाल चिखल तेवढ्यात बसतोय, उतरून काडीनं काढायचा." जुलैत तसंच झालं. काडी खिशात होती.

टायरवर खोल नक्षी हवी, हा माझा दुसरा हट्ट. डांबरावर सायकलीला तिचा काही उपयोग नाही, असं तुम्ही म्हणालात आणि टायर चिमटीत धरून कड दाबून दाखवलीत. मधल्या रबराखाली पंक्चर रोखणारी पट्टी असते, ती सगळे बघतात. खडीचा दगड मात्र कडेलाच चावतो आणि तिथं पट्टी नसते. म्हणून कडेलाही जाड विणीचं कवच असलेलं २८ मागवलं. थोडं जड आहे. चालेल.

हवेचं सांगायचं राहिलं. तेवीसमध्ये मी ११० पीएसआय ठासायचो, कारण कमी केली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून शेजारी-शेजारी दोन भोकं पडायची. "सापाचे दात" म्हणून तुम्ही ती जुनी ट्यूब भिंतीवर टांगलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता. माझी अब्रू गेली ती गेलीच. आता ७२ किलोच्या माझ्या वजनाला मागं ७५, पुढं ७० भरतो. पूर्वी प्रत्येक खडा मनगटापर्यंत यायचा, सायकल उड्या मारायची आणि मारलेलं पॅडल त्या उड्यांतच जायचं. आता टायर खडा गिळून पुढं जातंय. जांबोटीला पोचायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत नाही, हे मात्र मला पटायला तीन रविवार लागले.

आणि ते बनियन. नवी टायरं घालून चार दिवस झाले नसतील तोच मागचं चाक सारखं बसायला लागलं. मी दोनदा ट्यूब बदलली, टायरच्या आतनं बोट फिरवलं, काही लागेना. तुम्ही टायरवरची छपाई आधीच व्हॉल्व्हच्या समोर आणून बसवली होती. ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून वीतभर, म्हणजे टायरवरही तिथंच बघायचं. जुन्या बनियनचा तुकडा आतनं फिरवलात, एक धागा अडकला. चिमट्यानं ओढलात तर केसाएवढी लोखंडाची चिप, लेथवरची, निळसर जळलेली. आमच्याच उद्यमबागेची! कदाचित आमच्याच कारखान्याची, कोण जाणे.

तुम्ही सगळ्या मजुरीचे मिळून ऐंशी रुपये घेतलेत. ते चुकीचं ६३५ येळ्ळूरच्या दूधवाल्याच्या सायकलीला बसवून त्याचे पैसे माझ्या हातात ठेवलेत, ते वेगळंच.

मागचं टायर मधे चपटं व्हायला लागलंय. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पुढचं मागं टाकायचं आणि नवं पुढं घालायचं, कारण पुढचं फुटलं तर माणूस तोंडावर पडतो. रविवारी येतो. घरातली जुनी बनियनं धुऊन ठेवलीत, घेऊन येतो.

तुमचा,
किणयेत टायर फाडलेला